अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाभरती

अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे आपल्या क्रीडासंघांसाठी हायस्कूलमधील खेळाडूंची ज्या प्रक्रियेने निवड करतात, तिला महाविद्यालयीन क्रीडाभरती असे म्हणतात. ही निवड एखाद्या केंद्रीय चाचणीने किंवा गुणवत्ता यादीने होत नाही. प्रत्येक संघाचा मुख्य प्रशिक्षक आणि त्याचे साहाय्यक आपल्याला हवे असलेले खेळाडू स्वतः शोधतात, आणि खेळाडूही आपण होऊन प्रशिक्षकांशी संपर्क साधतात. प्रशिक्षकांनी कधी, कसा आणि किती संपर्क ठेवावा यावर नियमांची बंधने आहेत. खेळाडूने पत्र लिहिण्यावर मात्र जवळजवळ कोणतेही बंधन नाही. या विषमतेची कल्पना नसल्यामुळे अनेक विद्यार्थी एक तर फार उशिरा लिहितात, किंवा लवकर लिहून उत्तर न आल्याने निराश होऊन थांबतात.

चांगला खेळाडू कुठेही असला तरी महाविद्यालये त्याला शोधून काढतात, हा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉलमधील मोजक्या अव्वल खेळाडूंच्या बाबतीत तो खराही आहे. जलतरण, टेनिस, गोल्फ, रोइंग, सॉफ्टबॉल, व्हॉलिबॉल यांसारख्या खेळांत मात्र प्रशिक्षकांकडे प्रवासासाठी वेळ व पैसा दोन्ही मर्यादित असतात. लहान महाविद्यालयांत तर संघाचा संपूर्ण कारभार एक-दोन व्यक्तींवर चालतो. अशा ठिकाणी भरतीची सुरुवात बहुधा खेळाडूच्या पत्रानेच होते.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने एनसीएए. तिची स्थापना १९०६ मध्ये झाली आणि सध्याचे नाव १९१० मध्ये रूढ झाले. १९७३ पासून सदस्य संस्थांची तीन विभागांत वाटणी करण्यात आली. डिव्हिजन १ मध्ये मोठ्या अर्थसंकल्पाची सुमारे साडेतीनशे विद्यापीठे येतात. डिव्हिजन २ मधील संस्था बहुधा अंशतः शिष्यवृत्त्या देतात. डिव्हिजन ३ मधील संस्था खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मात्र गरजेनुसार किंवा शैक्षणिक गुणवत्तेनुसार मिळणारे साहाय्य तेथील खेळाडूंनाही मिळते. सदस्यसंख्येने हाच विभाग सर्वांत मोठा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांची आयव्ही लीग डिव्हिजन १ मध्ये खेळते, पण तिच्यातही क्रीडा शिष्यवृत्ती नाही. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही लहान महाविद्यालयांची संघटना आणि दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांची एनजेसीएए ही संघटना असून त्यांचे भरतीचे नियम बरेच सैल आहेत.

हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांची संख्या सुमारे ८० लाख, तर एनसीएएच्या तिन्ही विभागांत खेळणाऱ्यांची संख्या पाच लाखांहून थोडी अधिक आहे. डिव्हिजन १ पर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण साधारण शंभरात दोन इतकेच भरते. सर्व खर्च भागवणारी शिष्यवृत्ती मिळणारे त्याहूनही कमी. बेसबॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डिव्हिजन १ मधील बेसबॉल संघाला दीर्घकाळ केवळ ११.७ शिष्यवृत्त्यांइतका निधी वापरता येत असे आणि तो पंचवीसहून अधिक खेळाडूंत वाटला जाई. ‘बेसबॉलची शिष्यवृत्ती’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ अनेकदा शुल्काचा एखादा हिस्सा एवढाच होता.

संपर्काचे नियम

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅक्रॉस, सॉकर, सॉफ्टबॉल इत्यादी खेळांत भरतीचे वय झपाट्याने खाली आले. आठवी-नववीतील मुले-मुली विद्यापीठांना तोंडी होकार देऊ लागली. त्या वयात त्यांना महाविद्यालयात काय शिकायचे आहे हेही ठरलेले नसे. २०१७ मध्ये प्रथम लॅक्रॉससाठी नियम कडक झाले व अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने संवाद साधण्यास मनाई झाली. २०१९ मध्ये डिव्हिजन १ च्या बहुतेक खेळांसाठी एक समान चौकट आली. तिच्यानुसार दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक दूरध्वनी, ई-मेल वा संदेशांद्वारे भरतीविषयी बोलू शकतात, आणि अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या १ ऑगस्टपासून खेळाडू महाविद्यालयाला अधिकृत भेट देऊ शकतो. काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत. सॉफ्टबॉलसाठी अकरावीचा १ सप्टेंबर, बेसबॉलसाठी अकरावीपूर्वीचा १ ऑगस्ट, तर पुरुषांच्या आइस हॉकीसाठी दहावीतील १ जानेवारी ही तारीख ठरली. डिव्हिजन २ मध्ये १५ जून हीच सीमारेषा आहे. डिव्हिजन ३ मध्ये फोन व पत्रव्यवहारावर वेळेचे बंधन नाही. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर प्रत्यक्ष भेटण्यासाठी मात्र दहावी संपावी लागते. हे नियम वारंवार बदलत असल्याने त्या त्या वर्षीची पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

तारखेपूर्वीही प्रशिक्षक काही गोष्टी करू शकतात. माहिती भरण्याची प्रश्नावली, प्रशिक्षण शिबिरांची पत्रके आणि महाविद्यालयाची सर्वसाधारण माहिती ते कोणत्याही वयाच्या खेळाडूला पाठवू शकतात. त्याच्या शाळेतील किंवा क्लबातील प्रशिक्षकाकडे त्याच्याबद्दल चौकशी करू शकतात, त्याचे सामनेही पाहू शकतात. म्हणून नववीतील विद्यार्थिनीच्या सविस्तर पत्राला उत्तर म्हणून केवळ प्रश्नावलीचा दुवा आला, तर तो नकार नसतो. त्या वेळी नियमाने तेवढेच पाठवता येते. पत्र बहुधा वाचले जाते आणि नोंदीत ठेवले जाते. पूर्वी खेळाडूने स्वतः फोन केला तर प्रशिक्षकाला तो घेता येत असे. ही पळवाट २०१९ च्या नियमांनी बुजवली. आता ठरलेल्या तारखेपूर्वी आलेल्या फोनवरही भरतीची चर्चा चालत नाही.

याशिवाय वर्षाचे चार प्रकारच्या कालखंडांत विभाजन केलेले असते. संपर्ककाळात प्रशिक्षक खेळाडूला व त्याच्या पालकांना कोठेही भेटू शकतात. मूल्यमापनकाळात ते सामने व सराव पाहू शकतात, परंतु महाविद्यालयाबाहेर बोलू शकत नाहीत. मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक ओळख न दाखवता निघून गेला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. शांतकाळात भेट फक्त महाविद्यालयाच्या आवारात होऊ शकते. ‘डेड पिरियड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळात प्रत्यक्ष भेटीला पूर्ण बंदी असते, मात्र फोन व पत्रव्यवहार चालू राहतो. कोविड-१९ च्या साथीत डिव्हिजन १ मध्ये मार्च २०२० पासून मे २०२१ अखेरपर्यंत हा बंदीकाळ सलग लागू होता. त्या काळात भरती झालेल्या खेळाडूंपैकी अनेकांनी आपले महाविद्यालय पडद्यावरच पाहिले होते.

संदेशवहनाच्या साधनांबाबत नियम कसे मागे राहतात याचेही एक उदाहरण नमूद करण्याजोगे आहे. २००७ मध्ये एनसीएएने डिव्हिजन १ मधील प्रशिक्षकांना मोबाइलवरून लघुसंदेश पाठवण्यास बंदी घातली, कारण खेळाडूंवर संदेशांचा भडिमार होत असे व त्यांचे शुल्कही कुटुंबांना भरावे लागे. पुढे संदेश स्वस्त झाले आणि २०१२ पासून खेळागणिक ही बंदी उठत गेली.

पहिले पत्र

पहिला संपर्क आजही प्रामुख्याने ई-मेलने होतो. पत्र मुख्य प्रशिक्षकाला आणि भरतीचे काम पाहणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकाला, दोघांच्याही नावाने पाठवण्याची पद्धत आहे. मोठ्या संघांत पत्रे प्रथम साहाय्यकच वाचतो. विषयाच्या ओळीत नाव, हायस्कूल पूर्ण होण्याचे वर्ष, खेळातील स्थान किंवा प्रकार आणि एखादा ठळक आकडा असावा. प्रशिक्षक भरतीचे नियोजन वर्षवार करतात. ‘२०२७ ची तुकडी’, ‘२०२८ ची तुकडी’ अशीच त्यांची भाषा असते. वर्ष नसलेले पत्र कोणत्या यादीत ठेवावे हे त्यांना कळत नाही.

मजकूर थोडका असावा लागतो. शाळा व क्लबाचे नाव, उंची व वजन, गुणांची सरासरी, घेतलेले विषय, खेळातील मोजता येण्याजोगी कामगिरी, चित्रफितीचा दुवा, येत्या दोन-तीन महिन्यांतील सामन्यांची तारीख-स्थळांसह यादी आणि शाळा वा क्लबातील प्रशिक्षकाचा संपर्क एवढे पुरेसे असते. सामन्यांचे वेळापत्रक बरेच विद्यार्थी विसरतात. प्रत्यक्षात प्रशिक्षकाला ठोस कृती करता येईल असा पत्रातील हा एकमेव भाग असतो. याच्या जोडीला त्याच महाविद्यालयात का जायचे आहे हे सांगणारी एक-दोन खरी वाक्ये हवीत. तेथील सागरी जीवशास्त्राचा अभ्यासक्रम, किंवा संघातील तीन बचावपटू पुढील वर्षी पदवीधर होणार असल्याची नोंद, अशी वाक्ये इतर महाविद्यालयांच्या पत्रांत जशीच्या तशी टाकता येत नाहीत, म्हणूनच ती उपयोगी पडतात. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत खेळणे हे माझे स्वप्न आहे’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते. एकच पत्र शंभर पत्त्यांवर पाठवणे आणि एका प्रशिक्षकाच्या पत्रात दुसऱ्या महाविद्यालयाचे नाव राहून जाणे, या चुका वाचकाच्या तत्काळ लक्षात येतात.

पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे असा संकेत आहे. पालकांनी लिहिलेले पत्र भाषेवरून सहज ओळखू येते आणि त्यावरून विद्यार्थ्याच्या स्वावलंबनाबद्दल शंका घेतली जाते. पुढे आर्थिक साहाय्याची बोलणी सुरू झाल्यावर पालकांचा सहभाग स्वाभाविक मानतात. पहिल्या फोनवर मात्र विद्यार्थ्यानेच बोलावे अशी अपेक्षा असते. घाबरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे अडखळते उत्तर प्रशिक्षकांना खटकत नाही, पण त्याच्या मागून आईने सांगितलेले उत्तर खटकते.

आकडे व चित्रफीत

कामगिरीचा पुरावा खेळागणिक बदलतो. धावणे, उड्या व जलतरण यांत वेळ आणि अंतर बोलते. चित्रफीत दुय्यम असते. जलतरणात एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी लागते. अमेरिकन महाविद्यालयांच्या स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. ५० मीटरच्या तलावात नोंदवलेल्या वेळा यार्डांत रूपांतरित केल्याशिवाय तुलना होत नाही, आणि मूळ वेळ कोणत्या तलावातील आहे हे लिहिले नाही तर आकडा निरुपयोगी ठरतो. रोइंगमध्ये व्यायामयंत्रावर २,००० मीटरसाठी लागलेला वेळ हा सर्वमान्य निकष आहे. टेनिसमध्ये यूटीआर हे जागतिक मानांकन, तर गोल्फमध्ये स्पर्धेतील फटक्यांची संख्या व मैदानाची लांबी पाहिली जाते. कुस्तीत वजनगट निर्णायक असतो. संघात त्या गटाचा मल्ल आधीच असेल तर उत्तम मल्लालाही जागा नसते.

सॉकर, बास्केटबॉल, व्हॉलिबॉल, लॅक्रॉस यांत चित्रफितीला पर्याय नाही. ती तीन ते पाच मिनिटांची असावी, सर्वोत्तम क्षण पहिल्या अर्ध्या मिनिटात यावेत आणि प्रत्येक दृश्याच्या आधी खेळाडूभोवती वर्तुळ किंवा बाण दाखवावा, अशी रीत आहे. संगीत, मंदगती व झगमगाट यांचा उपयोग नाही. बरेच प्रशिक्षक आवाज बंद करूनच पाहतात. आवड निर्माण झाल्यास ते एखाद्या पूर्ण सामन्याचे चित्रीकरण मागतात, कारण वेचक दृश्यांत चेंडू हरवल्यावर खेळाडू काय करतो हे दिसत नाही.

उत्तरांचा अर्थ

एका पत्रावर संपर्क थांबत नाही. काही आठवड्यांनी नवी माहिती घेऊन पुन्हा लिहिणे अपेक्षित असते: सुधारलेली वेळ, नवे गुणपत्रक, स्पर्धेचा निकाल. केवळ ‘माझे पत्र मिळाले का’ असे विचारणाऱ्या पत्रात प्रशिक्षकाला नोंदवण्यासारखे काही नसते.

आलेल्या उत्तरांचे वजन ओळखणे ही या प्रक्रियेतील अवघड गोष्ट आहे. शिबिराचे सशुल्क आमंत्रण हजारोंना जाते. शिबिरे हे संघाच्या उत्पन्नाचेही साधन असल्याने त्यावरून भरतीचा इरादा ठरवता येत नाही. पत्रातील ठरावीक मजकुराच्या वर खेळाडूच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख असेल, प्रशिक्षकाने फोनची वेळ मागितली असेल किंवा गुणपत्रक प्रवेश कार्यालयाला दाखवण्यासाठी मागवले असेल, तर ते खऱ्या आस्थेचे लक्षण मानतात. हे शेवटचे पाऊल डिव्हिजन ३ मधील निवडक महाविद्यालयांत व आयव्ही लीगमध्ये विशेष महत्त्वाचे आहे. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रवेश कार्यालय गुणपत्रक वाचून प्रवेशाच्या शक्यतेबद्दल अनौपचारिक मत देते आणि त्यानंतरच प्रशिक्षक आपला पाठिंबा कोणाला द्यायचा हे ठरवतो. आयव्ही विद्यापीठे निवडलेल्या खेळाडूंना औपचारिक निकालाआधी ‘लाइकली लेटर’ नावाचे पत्र पाठवतात.

फोनवर खेळाडूनेही प्रश्न विचारावेत असे मानतात. या स्थानासाठी या वर्षी किती खेळाडू घेणार, त्या यादीत आपला क्रमांक कितवा, निर्णय केव्हा होणार, हे प्रश्न सरळ विचारल्यास बहुतेक प्रशिक्षक सरळ उत्तर देतात. न विचारल्यास पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूला पहिल्या चौघांचे नकार येईपर्यंत आशेवर ठेवले जाऊ शकते, आणि तोवर इतर महाविद्यालयांतील जागा भरून जातात.

भेटी दोन प्रकारच्या असतात. स्वखर्चाने केलेली ती अनधिकृत. महाविद्यालयाने प्रवास, निवास वा भोजनाचा खर्च केलेली ती अधिकृत. डिव्हिजन १ मध्ये एकूण पाच अधिकृत भेटींची मर्यादा २०२३ मध्ये उठवण्यात आली. तोंडी होकार दोन्ही बाजूंना बंधनकारक नसतो. तो मोडला जाण्याचे प्रसंग नेहमीचे असून प्रशिक्षकाची बदली हे त्याचे मोठे कारण आहे. बंधनकारक करारासाठी १९६४ पासून ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा दस्तऐवज वापरात होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो रद्द होऊन त्याची जागा थेट आर्थिक साहाय्याच्या कराराने घेतली.

शैक्षणिक पात्रता

डिव्हिजन १ व २ मध्ये खेळण्यासाठी एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते. मान्यताप्राप्त १६ मूलभूत विषय पूर्ण करावे लागतात. डिव्हिजन १ साठी त्यांची विभागणी अशी: इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, या तिन्हींपैकी आणखी एक, समाजशास्त्राची दोन आणि इतर शैक्षणिक विषयांची चार. या विषयांतील सरासरी ४ पैकी किमान २.३ असावी लागते. डिव्हिजन २ साठी २.२ पुरते. सॅट किंवा एसीटी परीक्षेची अट जानेवारी २०२३ मध्ये वगळण्यात आली, तरी काही विद्यापीठे प्रवेशासाठी ती मागतात.

डिव्हिजन १ ची एक अट अनेकांना अडचणीत आणते. सोळापैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावे लागतात, त्यांतील सात इंग्रजी, गणित व विज्ञानाचे. या दहांतील गुण नंतर पात्रतेसाठी सुधारता येत नाहीत. ज्या शाळांत मार्गदर्शन पुरवणारे समुपदेशक कमी आहेत, तेथील विद्यार्थ्यांना ही अट बारावीतच कळते आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो. उत्तम खेळाडू दोन वर्षांच्या महाविद्यालयांकडे वळण्याचे हे एक जुने कारण आहे.

अलीकडील बदल

ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे सोपे झाले. अनुभवी, वयाने मोठे खेळाडू सहज उपलब्ध असल्याने अनेक प्रशिक्षक हायस्कूलमधून कमी मुले घेऊ लागले. साथीच्या काळात दिलेल्या जादा वर्षाने ही गर्दी आणखी वाढली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छबी यांच्या व्यापारी वापरातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाल्यावर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघसंख्येची मर्यादा आली: फुटबॉलमध्ये १०५, बेसबॉलमध्ये ३४, पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये १५. त्यामुळे शिष्यवृत्तीविना संघात सामील होणाऱ्या ‘वॉक-ऑन’ खेळाडूंच्या जागा घटल्या.

गैरप्रकार

प्रशिक्षकाच्या शिफारशीला प्रवेशात असलेल्या वजनाचा गैरफायदा किती घेतला जाऊ शकतो हे मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात दिसले. प्रवेश सल्लागार विल्यम रिक सिंगर याने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन काही प्रशिक्षकांना लाच दिली आणि कधीही न खेळलेल्या मुलांना भरती झालेले खेळाडू म्हणून दाखवले. त्यासाठी छायाचित्रांतही फेरफार करण्यात आले. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

कायद्याच्या चौकटीत राहून शुल्क घेणाऱ्या भरती-सल्लागार संस्थाही पुष्कळ आहेत. त्या पत्ते, चित्रफितींचे संपादन व सल्ला पुरवतात; संघातील जागा देण्याचा अधिकार मात्र केवळ प्रशिक्षकाचा व प्रवेश कार्यालयाचा असतो. शिष्यवृत्तीच्या रकमेतील टक्केवारी मागणारा मध्यस्थ एनसीएएच्या नियमांनुसार दलाल ठरतो आणि त्याच्याशी व्यवहार केल्यास खेळाडूची पात्रता धोक्यात येते.

भारतीय खेळाडू

भारतातूनही खेळाडू या मार्गाने अमेरिकेत गेले आहेत. टेनिसपटू सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ व २००८ मध्ये एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. उंच उडीत तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ व २०२२ मध्ये विजेता ठरला. महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. पुढे हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी पत्राची पद्धत तीच असली तरी कागदपत्रे अधिक लागतात. पात्रता केंद्र नववीपासूनची गुणपत्रके मागते. दहावी-बारावीची मंडळाची प्रमाणपत्रे जपून ठेवणाऱ्या घरांतही शाळेने दिलेले नववी व अकरावीचे निकाल अनेकदा गहाळ झालेले असतात. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील कागदांना प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. बारावीनंतर स्पर्धांसाठी वर्ष मोकळे ठेवण्याचा निर्णयही जपून घ्यावा लागतो, कारण ठरावीक मुदतीनंतर संघटित स्पर्धांत खेळत राहिल्यास महाविद्यालयीन पात्रतेची वर्षे कमी होऊ शकतात. टेनिसमध्ये हा नियम विशेष कडक राहिला आहे. प्रशिक्षक भारतात येऊन सामने पाहण्याची शक्यता कमी असल्याने परदेशी खेळाडूंची निवड बहुधा मानांकन, चित्रफीत व दूरदृश्य संभाषणावर होते. विद्यार्थी व्हिसावर नोकरीविषयक निर्बंध असल्यामुळे नाव व छबीच्या वापरातून अमेरिकेत उत्पन्न मिळवण्याची अमेरिकन सहखेळाडूंना असलेली मुभा त्यांना त्याच प्रमाणात वापरता येत नाही.